क्लिनिकमध्ये पेशंटला मनाबद्दल, दारू-तंबाखूबद्दल कसं विचारता? फॉर्म ठेवावा का?

धायरी_क्लिनिक

नमस्कार. धायरी फाट्याजवळ माझं छोटं क्लिनिक आहे, आठ वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ मिळून साठ-सत्तर पेशंट होतात, निम्मे सर्दी-ताप-जुलाबाचे, बाकीचे बीपी-शुगर-थायरॉईडचे महिन्याच्या महिन्याला येणारे. मी एकटीच बघते, हाताखाली एक कंपाउंडर आणि एक मदतनीस मावशी आहेत.

मध्यंतरी एक गोष्ट झाली ती डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहिते. ओळख कळू नये म्हणून थोडा तपशील बदललाय. पन्नाशीचे एक काका, बीपीचे जुने पेशंट. चार महिने सारखे येत होते, कधी पाठ भरून येते, कधी पोटात जाळ होतो, कधी रात्री तीनला जाग येते ती परत डोळा लागतच नाही. मी पाठीची गोळी दिली, अ‍ॅसिडिटीची दिली, झोपेची अर्धी दिली, ईसीजी काढला, थायरॉईड आणि बी-ट्वेल्व करायला लावलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट छान आहेत काका, काळजीचं काही नाही असं मी म्हटलं तर ते नुसती मान हलवून उठले, दाराशी गेले आणि एकदा मागे वळून बघितलं. बाहेर पंचवीस जण बसले होते, मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दहा दिवसांनी त्यांची बायको आली ती रडतच. काकांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचले, वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून. मग त्या बाईंकडून कळलं की धंदा बसला होता, कर्ज होतं, आणि गेलं वर्षभर रोज रात्री पिणं चालू होतं. चार महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुमचं बाकी कसं चाललंय. दारूचं विचारलं होतं पण ते पहिल्या भेटीत, आठ वर्षांपूर्वी, आणि केसपेपरवर अजून "नाही" असंच लिहिलेलं आहे.

आता मी ठरवलंय की बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटला वर्षातून निदान एक-दोनदा नीट विचारायचं, मन, झोप, दारू, तंबाखू, चालणं-फिरणं सगळं. पण कसं ते समजत नाहीये. पीएचक्यू-९ (नैराश्य ओळखायचे नऊ प्रश्न) वगैरे फॉर्म माहिती आहेत, मराठीत मिळतात, पण माझ्या निम्म्या पेशंटना असा कागद हातात दिला की ते घाबरतात किंवा सगळीकडे "नाही" वर खूण करून देतात. एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, मॅडम मला काय येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलला पाठवताय का. वेळ कुठून काढायचा, विचारायचं कोणी, आणि कोणी "हो" म्हणालंच तर मी पुढे काय करायचं? सायकिअ‍ॅट्रिस्टकडे चिठ्ठी दिली तर दहातले दोन-तीनच जातात. जे हे करताहेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

पेठेतला_जुना_डॉक्टर

मॅडम, तुमचं वाचून माझा एक पेशंट आठवला, १९९६ चा. तो वाचला नाही. त्यामुळे तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला कळतंय, एवढंच म्हणतो आणि कामाचं लिहितो.

चौतीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. कागद वाटायचा प्रयोग मी करून बघितला आणि दोन महिन्यांत सोडून दिला कारण तुम्ही म्हणताय तेच झालं. वेटिंगमध्ये शेजारी मेव्हणा बसलाय, समोर सोसायटीतल्या काकू बसल्यात, तिथे कोण लिहिणार की मला जगणं नकोसं वाटतं. मी आता विचारतो ते बीपीचा पट्टा बांधताना. पट्टा बांधायला, फुगवायला, हवा सोडायला मिनिटभर लागतंच, पेशंट तेवढा वेळ हलत नाही, तुमच्याकडे टक लावून बघतही नाही, आणि हातात हात असतो. फक्त आकडा घेताना त्याला बोलू द्यायचं नाही, बोलल्याने बीपी वर जातं, म्हणून आकडा आधी घ्या आणि पट्टा सोडवता सोडवता विचारा.

प्रश्न दोनच, पीएचक्यू-२ मधले, म्हणजे त्याच नऊमधले पहिले दोन. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, पूर्वी आवडायचं ते आता नको वाटतं असं किती दिवस झालं? आणि उदास, हताश वाटतंय असं किती दिवस? उत्तराला शून्य ते तीन मार्क, अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज तीन किंवा वर गेली की मग पुढचे सात प्रश्न, आणि त्यासाठी मी त्याला रात्री आठनंतर एकट्याला बोलावतो, गर्दी ओसरल्यावर.

"डिप्रेशन" हा शब्द पहिल्या भेटीत माझ्या तोंडून येत नाही. आपल्या लोकांकडे याला शब्द भरपूर आहेत हो, फक्त ते डॉक्टरच्या पुस्तकातले नाहीत. करमत नाही, जीव रमत नाही, जिवाची घालमेल होते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, डोकं जड, हातापायातलं बळ गेलंय. हे ऐकू आलं की तिथेच थांबायचं. तुमचे काका रात्री तीनला जाग येते म्हणाले ना, पहाटे लवकर जाग येऊन परत झोप न लागणं हे नैराश्याचं अगदी नेहमीचं लक्षण. मीही कित्येकदा त्याला झोपेची गोळी लिहून मोकळा झालोय. अल्प्राझोलामने चार दिवस बरं वाटतं, मूळ आजार तिथेच राहतो आणि गोळीची सवय लागते ती वेगळीच. दारू पिणाऱ्या माणसाला तर ती धोक्याची, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

आता दारू-तंबाखूचं. "तंबाखू खाता का" हा प्रश्न बायकांना विचारून काही उपयोग नाही, उत्तर "नाही" येणार आणि ते खोटं नसतं. मिश्री लावतात, पण मिश्री म्हणजे तंबाखू असं त्यांच्या डोक्यातच नाही, ते दात घासणं आहे. दिवसातून चार वेळा दात घासणारी बाई दिसली की मी विचारतो, मिश्री किती वेळा लावता, डबी किती दिवस पुरते? लगेच खरं उत्तर येतं. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्व्हेमध्ये २६.६ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती आणि त्यात ओढणारे फक्त ४ टक्के, बाकी सगळं तोंडात ठेवायचं. आणि आपण केसपेपरवर "स्मोकिंग : नो" लिहून खूश असतो. पुरुषांना विचारा की सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळात लागते. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांत लागत असेल तर सवय खोल आहे, नुसत्या उपदेशाने सुटणार नाही.

दारूलाही तसंच. "किती घेता" म्हटलं की "थोडी, कधीतरी". मी विचारतो, क्वार्टर किती दिवस पुरते? एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, हिशोब केला तर शुद्ध अल्कोहोल ६० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची प्रश्नावली आहे, तिच्यात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम. म्हणजे "मी फक्त एक क्वार्टर घेतो डॉक्टर" म्हणणारा माणूस रोज सहा ड्रिंक घेतोय. हे गणित मी पेशंटसमोर कागदावर करतो. रागावत नाही, कागद त्याच्याच हातात देतो. बरेच जण घडी घालून खिशात ठेवतात.

---

आशाताई_खेड

मॅडम मी डॉक्टर नाही, खेड तालुक्यात आशा म्हणून काम करते बारा वर्षं. तुम्ही जे विचारताय ते आम्ही घरोघरी जाऊन करतो म्हणून लिहायची हिंमत केली, चुकलं तर सांगा.

आमचा सीबॅक फॉर्म असतो, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा. वय, तंबाखू, दारू, कंबरेचं माप, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, याला मार्क आहेत, चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. शेवटी ते मनाचे दोन प्रश्न पण आहेत, सर म्हणाले तेच. सुरुवातीला मी ते दोन प्रश्न सगळ्यात शेवटी उभ्या उभ्या विचारायचे आणि सगळ्यांचं शून्य यायचं. आख्ख्या वाडीत एक माणूस दुःखी नाही असं कसं होईल, मीच त्या वाडीतली आहे, मला माहिती आहे कुणाच्या घरात काय चाललंय.

मग कळलं की सासू शेजारी बसलेली असते. सून काय बोलणार. आता मी आधी सासूचं माप घेते, तिचा फॉर्म आधी भरते, तिला मान मिळाला की ती चहा टाकायला आत जाते आणि तेवढ्यात मी सुनेला विचारते. किंवा सुनेला म्हणते चल गं जरा विहिरीकडे, पाण्यात क्लोरीन टाकलंय का बघू. कंबरेचं माप पण आतल्या खोलीत घेते, तिथे दोघीच असतो, टेप गुंडाळता गुंडाळता बोलणं होतं.

आणि "उदास वाटतं का" असं विचारलं की बायका हसतात, म्हणतात ताई आम्हाला कुठला वेळ उदास व्हायला. मी असं विचारते की गेल्या पंधरा दिवसांत नकोसं झालंय का गं सगळं? जेवण गोड लागतंय का? कुणाकडे जावंसं, बोलावंसं वाटतंय का? जेवण गोड लागतंय का हे विचारलं की बायकांचे डोळे भरून येतात, मी कितीदा बघितलंय.

एक सांगते, पहिल्यांदा एका बाईने "हो" म्हटलं तेव्हा मी घाबरून विषय बदलला होता कारण पुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आता आमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांच्याकडे नेता येतं, आणि टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. मी माझ्या फोनवरून लावून देते आणि बाजूला जाऊन बसते. नंबर चिठ्ठीवर लिहून दिला तर कुणी लावत नाही मॅडम, फोन लावून हातात द्यावा लागतो.

---

समुपदेशक_कोथरूड

आशाताई, फोन लावून हातात देणं, हेच. आम्हाला दोन वर्षांच्या एमएमध्ये कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं.

डॉक्टर, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, माझ्याकडे बरेच पेशंट फॅमिली डॉक्टरांकडून येतात त्यामुळे दोन-तीन गोष्टी नक्की सांगावाशा वाटतात.

एक म्हणजे स्कोर हे निदान नाही, आणि हे आकड्यातून समजून घ्या म्हणजे स्कोर बघून थेट गोळी लिहायची घाई होणार नाही. पीएचक्यू-९ चा २००१ चा मूळ अभ्यास आहे त्यात दहाचा कट-ऑफ ठेवला तर आजार असलेल्यांपैकी ८८ टक्के सापडतात आणि आजार नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर सुटतात. ऐकायला छान. आता समजा तुमच्याकडे शंभर जणांना विचारलं आणि त्यातल्या दहांना खरोखर नैराश्य आहे. दहातले नऊ सापडतील. पण उरलेल्या नव्वदमधले अकराएक जणही दहाच्या वर जातील. म्हणजे वीस जणांचा स्कोर वर आला तर त्यातल्या निम्म्यांनाही तो आजार नाही. कुणाचं हिमोग्लोबिन सात आहे, कुणाचा थायरॉईड बिघडलाय, कुणाच्या घरात गेल्या महिन्यात मयत झालीये. थकवा, झोप, भूक हे तीन प्रश्न तर शुगरचा पेशंट शुगर वाढली म्हणूनही "हो" म्हणेल. म्हणून स्कोर वर आला की नीट बसून बोलणं आलंच, त्याला पर्याय नाही.

दुसरं, नैराश्याची गोळी सुरू करायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारा, पूर्वी कधी असं झालं होतं का की चार-पाच दिवस झोपच लागत नव्हती तरी अंगात प्रचंड उत्साह होता, बडबड वाढली होती, पैसे उधळले? तसं असेल तर तो बायपोलर असू शकतो, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अति उत्साह, आणि नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो अति उत्साह उसळू शकतो. असा पेशंट सायकिअ‍ॅट्रिस्टकडेच पाठवा.

तिसरं नववा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. बरेच डॉक्टर हा प्रश्न गाळतात, विचारल्याने डोक्यात विचार शिरेल म्हणून. तसं होत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट विचारल्यावर माणसाला मोकळं वाटतं कारण तो हा विचार घेऊन एकटाच फिरत असतो. बाकीच्या आठांचे मार्क कितीही कमी असू देत, या एकाला "काही दिवस" म्हणाला तरी तिथे थांबा. कसं करायचं ठरवलंय का, काही जमवाजमव केलीये का, आज-उद्यात करावंसं वाटतंय का, असं सरळ मराठीत विचारा. "हो" आलं तर त्याला एकट्याला घरी पाठवायचं नाही, त्याला सांगून घरच्याला बोलवायचं, त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टला फोन. ही सोय प्रश्न विचारायला सुरुवात करायच्या आधी करून ठेवा. म्हणजे एका तरी सायकिअ‍ॅट्रिस्टशी आधीच बोलून ठेवा की माझा फोन आला तर त्याच दिवशी बघाल ना.

काकांच्या घरच्यांना पोलीस केसची भीती असेल तर सांगा की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्या भीतीपोटी लोक पुढचे उपचार टाळतात.

आणि जाता जाता, थोडं बरं वाटावं म्हणून नाही पण खरं आहे म्हणून लिहिते. गोव्यात मानस नावाचा एक मोठा अभ्यास झाला होता, २०१० साली लॅन्सेटमध्ये आला. बारा सरकारी केंद्रं आणि बारा खाजगी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. साध्या, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या माणसांनी स्क्रीनिंग झालेल्या पेशंटशी बोलायचं, समजावून सांगायचं, परत यायला लावायचं. सरकारी केंद्रांत याचा स्पष्ट फायदा दिसला. खाजगी जीपींकडे फरक दिसला नाही कारण तिथे दोन्ही गटातले पेशंट, हे बोलणं मिळालेले आणि न मिळालेले, तसेही चांगले सुधारत होते. मला वाटतं रोज तोच डॉक्टर, नावाने ओळखणारा, हे स्वतःच एक औषध असतं. ते तुमच्याकडे आहे.

---

कर्वेनगर_शुगरवाला

मी पेशंट आहे, अकरा वर्षं शुगर. दुसऱ्या बाजूचं पण ऐका.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये (नाव नको) शुगरच्या चेकअपला गेलो होतो. रिसेप्शनवर एका मुलीने टॅब हातात धरून प्रश्न विचारायला सुरुवात केली, वजन, उंची, अ‍ॅलर्जी, आणि त्याच सुरात त्याच आवाजात "स्वतःला संपवावंसं वाटतं का". माझ्या मागे रांग होती. माझी मुलगी बाजूला उभी होती, बारावीतली. मला त्या वेळी खरंच वाटत होतं हो. बायको जाऊन सात महिने झाले होते. मी "नाही" म्हणालो, तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला, शाकाहारी का मांसाहारी.

आत गेल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर बघितलं, म्हणाले एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) नऊच्या वर गेलंय, पथ्य पाळत नाही वाटतं तुम्ही, आणि इन्सुलिन वाढवलं. पथ्य काय पाळणार, घरी स्वयंपाकच होत नव्हता, वडापाववर दिवस काढत होतो.

मला वाचवलं ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी, त्यांनी कुठला फॉर्म भरला नाही. सर्दीचं औषध घ्यायला गेलो होतो. ते म्हणाले तुम्ही पूर्वी पहाटे फिरायला जाताना दिसायचात, हल्ली दिसत नाही. मी तिथेच रडलो. त्यांनी उठून दार लोटलं, बाहेर कंपाउंडरला सांगितलं दहा मिनिटं कुणाला पाठवू नको. नंतर गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं, आठ महिने लागले. शुगर पण आपोआप खाली आली.

म्हणून डॉक्टर, विचारा, नक्की विचारा, पण दार लोटून विचारा.

---

साधा_प्रश्न_हडपसर

सगळ्यांचा अनुभव वाचला, वाईट वाटलं. तरी एक शंका आहे, राग मानू नका. हे सरसकट सगळ्यांना विचारणं बरोबर आहे का? मी फार्मात काम करतो, पीएचक्यूची प्रश्नावली फायझरच्या अनुदानातून तयार झाली आणि ती कंपनी नैराश्याची गोळी विकत होती हे जगजाहीर आहे. कॅनडाच्या तज्ञ समितीने २०१३ मध्ये सांगितलं की लक्षण नसलेल्या सगळ्यांचं असं सरसकट स्क्रीनिंग करू नका, ब्रिटनमध्येही तसं करत नाहीत. अमेरिकेत करा म्हणतात पण त्यांनी पण अट घातली होती की पुढच्या उपचारांची सोय असेल तर. आपल्याकडे ती सोय आहे का? हिंजवडीतल्या प्रत्येक दमलेल्या पोराला तुम्ही दहा मार्क देणार आणि त्याच्या हातात गोळी येणार, त्याची शिफ्ट आणि त्याचा मॅनेजर तसाच राहणार. माझ्या भावाला असंच पाच मिनिटांत गोळी लिहून दिली होती, नंतर कळलं रक्त कमी होतं.

---

पेठेतला_जुना_डॉक्टर

शंका रास्त आहे आणि भावाच्या बाबतीत झालं ते चुकलंच. पण मॅडम ज्यांना विचारायचं म्हणताहेत ते लक्षण नसलेले नाहीत हो. जो माणूस चार महिन्यांत सहा वेळा येतो आणि प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल, तो ओरडून सांगतोय. शुगरवाल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट सापडतं. नुकती बाळंत झालेली बाई, हार्ट अटॅकमधून उठलेला, नवरा किंवा बायको गेलेला, दारू वाढलेला, नोकरी सुटलेला, यांना विचारणं म्हणजे सरसकट नाही. सर्दीला आलेल्या वीस वर्षांच्या पोराला नऊ प्रश्न विचारा असं मीही म्हणत नाही.

आणि सोय म्हणाल तर पुण्यात आहे, आपण वापरत नाही. ससूनला मानसोपचार ओपीडी आहे. दारू सोडायला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तेही येरवड्यातच, म्हणून मी "येरवडा" शब्दाला घाबरणाऱ्या पेशंटला आधी मुक्तांगणची गोष्ट सांगतो, की तिथून लोक बरे होऊन घरी येतात, नोकरीला लागतात. तंबाखू सोडायला सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. आणि सगळ्यांना गोळी लागत नाहीच. सौम्य असेल तर रोज ठरलेल्या वेळी उठणं, चालायला जाणं, एका माणसाला भेटणं, एवढं ठरवून घेऊन पंधरा दिवसांनी परत बोलावलं तरी बरेच सावरतात. परत बोलावणं मात्र विसरायचं नाही.

---

धायरी_क्लिनिक

सहा आठवड्यांनी परत लिहितेय, तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

पहिलं म्हणजे एका सायकिअ‍ॅट्रिस्ट मॅडमना जाऊन भेटले, वडगावला बसतात. त्या म्हणाल्या तुम्ही फोन केलात तर त्याच दिवशी बघेन. तो नंबर हातात आल्यावरच विचारायला सुरुवात केली. क्लिनिकमध्ये टेबलाच्या पलीकडे पेशंटची खुर्ची असायची ती उचलून माझ्या बाजूला, कोपऱ्यात ठेवली, दाराकडे पाठ करून. दाराला पडदा होता, आता सुताराकडून सरकतं दार बसवून घेतलं. मंगळवार-शुक्रवार दुपारी चार ते पाच फक्त बोलावलेले पेशंट, त्या तासात कुणालाही तपासायचं नाही, नुसतं बोलायचं. कंपाउंडर कुरकुरला, धंद्याचा तास जातोय म्हणाला. जातोय, खरंय.

आशाताई, तुमचे शब्द एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलेत, माझ्या बाजूने. जेवण गोड लागतंय का. पहिल्याच आठवड्यात एक आजी, आठ वर्षं माझ्याकडे येतात, गुडघे आणि बीपी. हा प्रश्न विचारला तर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, सून ताट वाढून जाते, कुणी समोर बसत नाही गं बाई. औषधाचं काम नव्हतंच. मुलाला बोलावून सांगितलं, रात्रीचं जेवण आईबरोबर बसून घ्या. आता गुडघे तेवढेच दुखतात पण दर आठवड्याला येत नाहीत.

मिश्रीचं विचारल्यावर तर मी हादरलेच. ज्या बायकांच्या केसपेपरवर मी स्वतः "तंबाखू : नाही" लिहिलंय त्यांच्यातल्या कितीतरी जणी मिश्री लावतात. एकीच्या गालात पांढरा चट्टा सापडला, तिला दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय.

हडपसरचे दादा, तुमचं मी लक्षात ठेवलंय. स्कोर वर आला की आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, आणि दुसऱ्या भेटीशिवाय गोळी नाही, जिवाचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. आत्तापर्यंत ज्यांचा स्कोर दहाच्या वर आला त्यातल्या निम्म्यांना गोळी लागली नाही. दोघांना लागली, दोघांना सायकिअ‍ॅट्रिस्ट मॅडमकडे पाठवलं. चिठ्ठी दिली नाही, त्यांच्यासमोर फोन लावून वेळ घेतली. दोघेही गेले.

चुकलंही. एका तरुण मुलाला मी फार पटपट विचारत गेले, बाहेर गर्दी होती, शुक्रवारची वाट बघायला हवी होती. तो "काही नाही हो मॅडम" म्हणून उठून गेला. त्याला दोनदा फोन केला, उचलत नाही. उद्या त्याच्या आईला, ती बीपीला येते, तिला फक्त एवढंच सांगणार आहे की त्याला मी बोलावलंय म्हणून सांगा.

आणि काका. ते काल आले, सायकिअ‍ॅट्रिस्ट मॅडमची ट्रीटमेंट चालू आहे, दारू बंद होऊन पाच आठवडे झाले, हात थोडे थरथरतात अजून. बीपी घेतलं, १३४/८६. पट्टा सोडवता सोडवता विचारलं, काका, तसले विचार येतात का अजून? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, येतात, पण रोज नाही. मग आपणहून सांगायला लागले, दुपारी तीन ते पाच फार वाईट जातात, दुकानात असायची सवय होती ना त्या वेळेला, घरात बसवत नाही. मी म्हटलं मंगळवारी आणि शुक्रवारी चारला इथे येऊन बसा. ते हो म्हणाले. उरलेल्या पाच दिवसांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, कुणाला धायरी-नऱ्हे भागात दुपारचं एखादं ज्येष्ठांचं मंडळ, वाचनालय, असं काही माहिती असेल तर इथे लिहा.